‘जर्मनीत फुकट इनोव्हेशन मॅनेजमेंट’ : एका मेसेजची झडती

भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवरून सुटलेला मेसेज फिरत फिरत घरच्या ग्रुपवर आला. बहिणीने तेवढ्यावर सावकारी व्याजाने पैसे उचलायची बोलणी सुरू केली, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचा सारांश असा : टेक्नॉलॉजी अँड इनोव्हेशन मॅनेजमेंटचं (नवं तंत्र शोधापासून उत्पादनापर्यंत नेण्याच्या व्यवस्थापनाचं) मास्टर्स जर्मनीत पूर्ण फुकट. कुठलीही पदवी आणि 65 टक्के पुरेत. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे उसने घ्या, पोचलात की काढून परत करा. पार्टटाइममधून महिन्याला 2,000 युरो. कोर्सनंतर 18 महिन्यांत पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना. जर्मन भाषेची गरज नाही.

उसनवारीची ओळ आधी घेतो, कारण तिच्यापायी घरं बुडतात.

या खात्याचं जर्मन नाव श्पेरकोंटो, म्हणजे अडवलेलं खातं. व्हिसाच्या फाइलला राहण्याखाण्याच्या खर्चाचे वर्षाचे 11,904 युरो त्यात भरलेले दाखवावे लागतात, म्हणजे 12 लाख रुपयांच्या वरच. तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंदणी करायची, नेहमीचं चालू खातं उघडायचं, मग अडवलेल्या खात्यातून दरमहा 992 युरो त्यात येतात. 992 गुणिले 12, तोच आकडा. एकरकमी काढायला तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी लागते, आणि ‘सावकाराला द्यायचेत’ या कारणावर ती मिळत नाही. व्हिसाच नाकारला गेला तर रक्कम परत येते. पण त्या आशेवर कोणी कर्ज काढत नसावं.

आता हिशेब मांडा. 12 लाखांवर महिना 2 टक्के म्हणजे 24,000 रुपये नुसतं व्याज, वर्षाला 2,88,000. तिकडे हातात येणाऱ्या 992 मधून आरोग्यविम्याचे दीडेकशे युरो जातात, स्वस्तात मिळाली तरी खोलीचे चारेकशे. उरलेल्या चारशे-साडेचारशेत जेवण, फोन आणि सेमिस्टरची वर्गणी. मुद्दल यातून कसं फेडणार? शिवाय तिथे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाला पुढच्या काळाची सोय पुन्हा दाखवावी लागते. बँकेच्या रीतसर शैक्षणिक कर्जातून हे खातं भरणं ही वेगळी गोष्ट. ते चालतं आणि बरेच जण तसंच करतात.

‘महिन्याला 2,000 युरो’ हे कुठून आलं देव जाणे. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम 16बी उघडा, तिसरं पोटकलम. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 1 मार्च 2024 पूर्वी ते 120 आणि 240 होते. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम केलं तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरता येतो, म्हणजे वर्षभराची वेर्कस्टुडेंट नोकरी (शिकता शिकता करायची अर्धवेळ नोकरी) या मर्यादेत बसते. 2026 चं किमान वेतन तासाला 13.90 युरो. 20 तास, महिन्याचे 4.33 आठवडे : सुमारे 1,204 युरो. त्यातून 9.3 टक्के पेन्शनची कपात झाली की 1,092 च्या आसपास. तेही पहिल्या दिवसापासून काम मिळालं तर. अभ्यासाचं काय? एका सेमिस्टरचे 30 क्रेडिट, एका क्रेडिटमागे 25 ते 30 तास, म्हणजे 750 ते 900 तास. फ्रीलान्स नावाखाली डिलिव्हरी करून वरकड कमवा असंही मेसेजखाली कोणी लिहिलंय. विद्यार्थी परवान्यावर स्वयंरोजगाराला वेगळी परवानगी लागते.

फुकट या शब्दात मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, नुसती सेमिस्टर वर्गणी असते. पण बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 घेतं. आणि खरी गोम नावात आहे. इनोव्हेशन, टेक्नॉलॉजी, मॅनेजमेंट हे तीन शब्द उलटसुलट लावून तिथे डझनभर कोर्स आहेत. कोर्सच्या पानावर ‘कोन्झेकुटीव’ लिहिलं असेल तर तो पदवीच्या पुढचा नेहमीचा कोर्स. ‘वाइटरबिल्डेंड’ असेल तर तो नोकरदारांसाठीचा, एमबीएच्या वळणाचा : कामाचा अनुभव मागतो आणि सरकारी विद्यापीठातही चांगलीच फी लावतो. हा एक शब्द न बघता अर्ज करणारे पुष्कळ आहेत.

65 टक्क्यांचं बघू. तिथे बव्हेरियन सूत्राने गुण बदलतात : कमाल गुणांतून मिळालेले वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, 3 ने गुणा, 1 मिळवा. 65 टक्के, उत्तीर्णतेची रेषा 40 : उत्तर 2.75. रेषा 50 असेल तर 3.1. तिथे 1 सर्वोत्तम. पुष्कळ कोर्सची अट 2.5 किंवा त्याहून चांगल्या ग्रेडची असते, म्हणजे दोन्ही आकडे बाहेर. विद्यापीठाकडून किमान उत्तीर्ण गुणांचा उल्लेख असलेलं पत्र घ्या. ते नसलं की तपासणारा स्वतःच्या अंदाजाने रेषा धरतो. ‘कुठलीही पदवी’ हेही नाही. या कोर्सना अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन अशा दोन्ही बाजूंचे ठरावीक क्रेडिट मागण्याची पद्धत आहे. मेकॅनिकलच्या मुलाने चार वर्षांत अर्थशास्त्राचा एकच पेपर दिला असेल, तर तिथेच अडकतो. एपीएस प्रमाणपत्राचा, म्हणजे आपली कागदपत्रं तपासून खरी असल्याच्या दाखल्याचा, तर मेसेजमध्ये पत्ताच नाही. 1 नोव्हेंबर 2022 पासून ते लागतं, फी 18,000 रुपये, आणि ते आपलं आपल्याला काढता येतं.

पीआर : 18 महिने हा नोकरी शोधायचा परवाना, पीआरची मुदत नव्हे. जर्मन पदवीधराला कुशल नोकरीची दोन वर्षं, 24 महिन्यांची पेन्शन वर्गणी आणि बी1 म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन, एवढं झाल्यावर पीआरचा अर्ज होतो. ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या चांगल्या पगाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या परवान्याला, 2026 साठी वर्षाचा पगार 50,700 युरो हवा, नव्या पदवीधराला 45,934.20.

राहिली भाषा. वर्गात इंग्रजी चालेल. कोड लिहिणाऱ्याचं नोकरीतही कदाचित निभेल. पण हा कोर्स करून माणूस बसतो ते पेटंट विभाग, खरेदी आणि उत्पादन यांच्या मध्ये. कारखान्यातला फोरमन नवीन यंत्रावर का वैतागलाय हे तो जर्मनमध्येच सांगणार.