“जितका पाऊस, तितका उंच पाइन” म्हणे!

आमच्या मामांची राधानगरी रोडला उसाची शेती आहे. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मेसेज वाचून त्यांनी बांधावर लावायला पाइनच्या रोपांचा इसार देऊन टाकला. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मेसेज थोडक्यात असा: पाइन पावसावर वाढतो, ज्या साली पाऊस जास्त त्या साली शेंडा लांब. म्हणून कोल्हापुरात मृगाला लावा, श्रावणात युरिया द्या, दिवाळीला सहा फूट. फांद्यांचे मजले मोजा, वय कळेल. शिवाय पाइन ढग ओढतो. सोबत एका झाडाचा फोटो.

ढगांचं आधी उरकतो. गगनबावड्याला धो धो कोसळतं ते अरबी समुद्रावरून आलेलं वारं सह्याद्रीला अडून वर चढतं म्हणून. तिथं कुणी पाइन लावून ठेवले नव्हते.

आता शेंड्याचं. हा दावा वाचायला इतका सरळ वाटतो की ऊसवाला माणूस लगेच फसतो. उसात तसंच असतं ना! पाण्याला ताण पडला त्या महिन्यातली कांडी आखूड, पाणी मिळालं की पुढची लांब. ऊस सोलताना हाताला कळतं. पण थंड मुलखातल्या बऱ्याच पाइनचा हिशेब एक साल मागं चालतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्यावर तपकिरी खवल्यांची, राळेनं चिकट झालेली कळी तयार होते. पुढच्या वर्षीचा शेंडा, त्यावर सुया, म्हणजे पाइनची सुईसारखी पानं, कुठं येणार यासकट, त्या कळीत आधीच घडी घालून ठेवलेला असतो. वसंतात ती घडी फक्त उलगडते. काही आठवड्यांत उंची वाढून संपते, आणि मग कितीही पाऊस पडो, बहुतेक झाडं त्या साली पुढं सरकत नाहीत.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे संशोधक कोझलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी 1973 साली रेड पाइन या जातीवर दाखवलं की कळीच्या आकारावरून पुढच्या शेंड्याच्या लांबीचा अंदाज बांधता येतो. मोठी कळी, लांब शेंडा. म्हणजे यंदाची उंची बघून पाऊस सांगायचाच असेल, तर बऱ्याच अंशी गेल्या सालचा सांगाल. फिनलंडच्या उत्तरेला तर पाऊसही बाजूला राहतो, तिथं मागच्या उन्हाळ्याची ऊब जास्त बोलते. यंदाचं हवामान अगदीच बिनकामाचं नाही, हे मान्य. वसंतात कडक दुष्काळ पडला तर घडी अर्धवट उलगडते, सुया आखूड राहतात, खोडाचं वलय बारीक येतं.

मजल्यांचं अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. वर्षाला एकदाच वाढणाऱ्या जातींत एक मजला म्हणजे एक साल, असा ढोबळ हिशेब जमतो. पण लॉबलॉली पाइन एकाच हंगामात दोन-तीनदा फुटतो. उष्ण मुलखात लावलेला कॅरिबियन पाइन कधी कधी फांद्याच न काढता कोल्ह्याच्या शेपटीसारखा सरळ वर जातो. तिथं मजले काय मोजणार, कपाळ?

युरियाबद्दल एवढंच: पाइनची मुळं मातीतल्या विशिष्ट बुरशीच्या जोडीनं जगतात. ती बुरशी नसलेल्या जमिनीत परदेशी पाइनची रोपं पिवळी पडून खुरटल्याची उदाहरणं उष्ण देशांत भरपूर आहेत. तिथं पोतं रिकामं करून काय होणार? आणि मामा, चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या पाइनच्या, वाळलेल्या सुयांवरून उत्तराखंडात दर उन्हाळ्यात वणवा धावतो. उसाच्या पाचटाशेजारी तेच हवंय का?

शेवटचं, फोटोचं. मेसेजमधलं झाड पाइन नाहीच, ते आपलं सुरूचं झाड आहे. नर्सरीत ओळखायला सोपं: सुई दोन चिमटीत धरून ओढा. सुरूची सांध्यासांध्यावर टचकन सुटते, कारण ती मुळात सुई नसून बारीक डहाळी असते. पाइनला सांधे नसतात, सुया झुबक्यानं येतात, चिडाच्या तीन-तीन. आणि कुंडीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा ॲरोकेरिया असतं, म्हणजे ना सुरू ना पाइन.