बाबांच्या सहीवर वॉल स्ट्रीट

अमेरिकेत एमएसला गेलात, एफ-१ म्हणजे विद्यार्थ्याचा व्हिसा, डोक्यावर अकरा टक्क्यांचं लोन, आणि अजून एक शेअर घेतला नाही? मग गेलात कशाला? वरण-भात तर सांगलीतही शिजत होता.

तर आधी पैसा तिकडे न्या. स्वतःच्या इंडियातल्या खात्यातून न्यायच्या भानगडीत पडू नका, कारण शिकायला बाहेर पडलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, हिशोबात तुम्ही एनआरआय, खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं, करून घ्यायचं असतं (किती जणांनी केलंय, हात वर करू नका), आणि पुढे टॅक्सचे फॉर्म, सीएची फी. त्यापेक्षा बाबा बरे. बाबा रेसिडेंट, त्यांना एलआरएस नावाच्या स्कीममध्ये वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवायची मुभा रिझर्व्ह बँकेनेच दिलीय. २००४ साली स्कीम आली तेव्हा २५ हजार होती. मर्यादा दहापट झाली, बाबांचं पेन्शन तेवढं मागे राहिलं.

आता बँकेत पैसे बाहेर पाठवायचा ए-२ फॉर्म मिळेल. त्यात पैसे कशाला पाठवता त्याचा पर्पज कोड असतो. शिक्षणाचा एस ०३०५, परदेशी शेअरचा एस ०००१. प्रामाणिक माणूस दुसरा लिहितो आणि वर्षाच्या १० लाखांवर गेला की २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापून घेतो, जो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, तोवर सरकार तुमच्या पैशावर बसतं. आपण शिकलेली माणसं, आपण शिक्षणच लिहायचं. आमच्या बाबांनी काउंटरवरूनच फोन लावला होता, चष्मा घरी राहिलेला, शेजारच्या माणसाकडून कोड वाचून घेतला आणि मला म्हणाले, "शिक्षणाचाच ना रे?" मी म्हटलं हो बाबा. त्यांनी सही केली. त्यांची सही अजूनही मोडी वळणाची आहे, दोन मिनिटं लागतात.

मग वाटेत सगळ्यांना खाऊ वाटत चला. गुगलवर दिसतो तो रेट फक्त बघायला असतो, बँक आपला वेगळा लावते, त्यावर जीएसटी, मग स्विफ्टचा चार्ज, आणि मधेच कुठलीतरी बँक, जिचं नाव तुम्ही ऐकलेलं नसतं, तीही आपले डॉलर काढून घेते. पंढरीच्या वाटेवरसुद्धा एवढे फराळाचे स्टॉल नसतात.

पोचले? घ्या शेअर. वेळही छान आहे, आमच्या डॅलसला मार्केट सकाळी साडेआठला उघडतं, नेमकं अल्गोरिदमच्या लेक्चरला. मागच्या बाकावर बसा, लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी ठेवा. मी स्प्रिंग सेमिस्टरची अर्धी फी एन्व्हिडिया या चिप कंपनीत ठेवली होती, ड्यू डेटला अजून वेळ होता ना, पडून राहण्यापेक्षा जरा फिरली तर काय बिघडलं, असा साधा सुज्ञ विचार. २७ जानेवारी २०२५, सोमवार. चीनच्या डीपसीक या एआयची बातमी आली आणि शेअर एका दिवसात १७ टक्के खाली. प्रोफेसर फळ्यावर ग्रीडी अल्गोरिदम शिकवत होते, हे मी बनवून सांगत नाहीये. मी दुपारपर्यंत धीर धरला आणि मग विकला, म्हणजे जितका खाली विकता येईल तितका.

समजा, चुकून नफा झालाच. तर ऐका, ही खरी गंमत. एफ-१ वाला पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी नॉनरेसिडेंट, ८८४३ फॉर्म भरून सांगायचं की साहेब, माझे दिवस मोजू नका. बरं म्हणतात. पण शेअरच्या नफ्यापुरते मात्र मोजतात, वर्षात १८३ दिवस भरले की सरळ ३० टक्के. म्हणजे आहात पण नाहीत, आणि नाहीत पण आहात. यंदाचा तोटा पुढच्या वर्षीच्या नफ्यातून वजा करू म्हणाल तर तेही नाही. आणि हाच पैसा बँकेत नुसता झोपवला असता तर नॉनरेसिडेंटला व्याजावर टॅक्स शून्य. पण बँकेत ठेवायला काय आपण आत्या आहोत?

एक मात्र पाळा, मरू नका. नॉनरेसिडेंट माणूस ६० हजार डॉलरच्या वर अमेरिकन शेअर मागे ठेवून गेला तर इस्टेट टॅक्स ४० टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याला त्याची भीती नाही, तेवढे उरतच नाहीत.

फीचं काय केलं म्हणता? डायनिंग हॉलमध्ये ट्रे घासले, आठवड्याला वीस तासांच्यावर परवानगी नाही म्हणून वीसच तास, आणि उरलेले रूममेटकडून घेतले, तो अजून बोलत नाही नीट. मार्चमध्ये बाबांचा फोन आला. म्हणाले, अरे बँकेतले साहेब विचारत होते, मुलगा अमेरिकेत आहे तर विचारून सांगा, तिकडचा कुठला शेअर घ्यावा. मी विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"सांगितलं, आमचा असल्या नादाला लागत नाही. शिकतोय तो."