‘लातुरात राहून हे शोभतं का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

डिशवॉशर कसा बसवला, ओट्याखाली जागा कशी काढली, बोअरच्या पाण्याचं काय केलं, हे मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर परवा एक लांब प्रतिक्रिया आली. लिहिणारे स्वतःला ‘मूळ लातूरकर, सध्या पुणे’ म्हणवतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या गावाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं भांडी घासायला मशीन लावणं शोभतं का? फोटोत ड्रेनचा पाइप जमिनीलगतच सिंकच्या पाइपात घुसवलाय. तो आधी ओट्यापर्यंत उंच नेऊन मग खाली सोडायला हवा होता, नाहीतर सिंकचं घाण पाणी मशीनमध्ये उलटं येईल. अर्थिंगबद्दल लेखात अवाक्षर नाही. टीडीएस आणि पाण्याचा कठीणपणा यात गल्लत केलीय. मावशींचं काम गेलं, त्याचं काय? आणि शेवटी : ‘ताई, हौसेला मोल नसतं, पण थोडी लाज असावी.’

दादा, हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. मुद्दा मांडायला ‘लाज’ हा शब्द लागत नाही. अनोळखी बाईला, तिच्या स्वयंपाकघराबद्दल, चारचौघांत असं बोलायची आपल्याकडे रीत नाही. आपण समोर बसून चहा घेत असता तर हे बोलला नसता, एवढं मला नक्की वाटतं.

आता त्या ‘शोभतं का’ बद्दल.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी इथंच होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावायची वेळ आली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर सगळ्या देशानं ती बघितली. पण पाणी स्टेशनात आलं म्हणजे आमच्या गल्लीत आलं असं होत नाही. आमच्या गल्लीत टँकर कधी रात्री एकला यायचा, कधी पहाटे चारला. सासूबाई गुडघे धरून दारात बसायच्या आणि हॉर्न वाजला की मला हाक मारायच्या. एका घरामागं किती घागरी हे ठरलेलं होतं, आणि त्यावरून सख्ख्या शेजाऱ्यांत अबोले धरलेले मी पाहिलेत.

भांडी कशी घासायचो ते सांगते. खरकटं आधी कागदानं पुसून घ्यायचं. मग राखेनं कोरडीच घासायची. मग दोन घमेली. पहिल्यात राख काढायची, दुसऱ्यात विसळायचं. दुसऱ्या घमेल्यातलं पाणी उद्याचं पहिलं घमेलं व्हायचं, आणि पहिल्यातलं संडासात जायचं. घरात पाहुणे आले तर पत्रावळ्या. हे मी केलंय, चार महिने, नोकरी सांभाळून. त्यामुळं पाणी वाचवायचं कसं, हे मला पुण्याहून कुणी शिकवावं अशी गरज नाही.

आणि म्हणूनच मशीन आलं त्या पहिल्याच आठवड्यात मी ड्रेनचा पाइप काढून वीस लिटरच्या बादलीत सोडला. मशीन चार हप्त्यांत पाणी टाकतं. पहिला हप्ता वरणाच्या पिवळ्या रंगाचा होता, तेलाचा तवंग आणि मोहरीचे दाणे त्यात. शेवटचा अगदी नितळ. सगळं मिळून बादली निम्म्यापर्यंतच भरली, म्हणजे दहा लिटर. दुसऱ्या दिवशी तेवढीच भांडी, चार माणसांची दोन वेळची, मी हातानं घासली. नळ सोडला नाही, ड्रममधून मगानं पाणी घेतलं. दोन बादल्या संपून तिसरीला हात लागला. हे माझ्या ओट्यावर मोजलेलं आहे, आणि ते मूळ लेखातही होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलंच नाही असं दिसतं. मथळा वाचला, लातूर वाचलं, आणि लिहायला बसलात.

टीडीएसचं तुमचं बरोबर आहे, ते मी मान्य करते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच. मशीनला त्रास होतो तो त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजेच कठीणपणाचा. आमच्या बोअरच्या पाण्यानं बादलीच्या काठाला पांढरा थर धरतो, तो त्याचाच. त्यासाठी मशीनच्या पोटात रेझिन, म्हणजे तो कठीणपणा धरून ठेवणारे बारीक दाणे, असतं आणि ते ताजं ठेवायला जाडं, आयोडीन नसलेलं मीठ घालावं लागतं. मीठ किती लागणार हे कठीणपणावर ठरतं आणि मशीनवर तोच आकडा लावायचा असतो. मी तिथं ‘टीडीएस’ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय.

बाकीच्या गोष्टींवर फार लिहीत नाही. ड्रेनचा पाइप कंपनीच्या माणसानं बसवलाय, दोन महिने झाले, एकदाही पाणी उलटं आलेलं नाही. एका फोटोवरून, तोही तिरका काढलेला, कुणाच्या घरचं प्लंबिंग चुकलंय हे ठरवू नये. अर्थिंग घर बांधतानाच केलंय. मशीनला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आहे. आणखी काय लिहायचं होतं?

मावशींचा विषय आमच्या घरातला आहे. त्या अजून येतात. बिडाचा तवा, पितळी पातेली आणि जर्मलची भांडी मशीनमध्ये घालता येत नाहीत, लोखंड गंजतं, जर्मल काळं पडतं, पितळेची चकाकी जाते. ती त्याच घासतात. त्यांना पगार किती देते हे मी इथं लिहिणार नाही, आणि तुम्ही विचारूही नये.

एक विचारते, राग मानू नका. लेखात माझ्या मिस्टरांनी अंगणात गाडी धुतल्याचाही उल्लेख होता, पाइप लावून. त्यावर तुमचा एक शब्द नाही. बाईचा रोजचा दीड तास वाचला तेव्हा मात्र लातूरचा दुष्काळ आठवला. माझं मनगट दोन वर्षं दुखतंय, डॉक्टरांनी पिळणं-घासणं कमी करायला सांगितलंय, हे मी लेखात लिहिलं नव्हतं कारण त्याची सबब द्यायची मला गरज वाटली नाही. आत्ताही वाटत नाही, पण तुम्ही ‘हौस’ म्हणालात म्हणून लिहिलं.

यापुढं मुद्द्याचं लिहा, जरूर उत्तर देईन. आज आठ दिवसांनी नळ आलाय, हौद भरायचाय, इथंच थांबते.