नऊ अवस्था, एक वही आणि नेरूळच्या काकांचा राग

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि तेव्हाच उत्तर लिहून काढलं होतं. पाठवलं नाही ते बरं झालं. त्यातला सूर सगळा ‘तुम्ही लेख नीट वाचलाच नाहीत’ असा होता. काल सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये दारापाशी उभी राहून माझाच लेख फोनवर परत वाचला आणि ऐरोली येईपर्यंत निम्मा राग उतरला, कारण निम्मी चूक माझीच निघाली.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. ऑर्ग-मोड म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली नोंदी आणि कामांच्या याद्या ठेवायची सोय. त्यात कामांच्या अवस्था आणि त्यांचे शॉर्टकट आपल्या सोयीने कसे बदलायचे, यावर मी मागे लिहिलं होतं. नेरूळच्या या काकांनी ते दोन आठवडे प्रामाणिकपणे करून पाहिलं आणि मग लिहिलं: “ताई, नऊ अवस्था कशाला? बाकी आणि झालं, एवढ्यावर माझी नोकरी निघाली. तुमचं शिफ्ट-बाण दाबलं की दर वेळी टीप लिहायची खिडकी उघडते. कंट्रोल-टीचं नेहमीचं काम तुम्ही मोडून ठेवलंत. आणि अवस्थांना मराठी नावं हा नुसता हौसेचा भाग. मी परत वहीवर आलो आहे.”

नऊ अवस्थांचं आधी. करायचे, पुढचे, चालू, वाट, फोन, सोपवले, कधीतरी, झाले, रद्द. आज ही यादी टाइप करतानाच लाज वाटली. मुळात ऑर्ग-मोड हातात येतं तेव्हा त्यात दोनच अवस्था असतात, करायचं आणि झालं. कार्स्टन डॉमिनिक या ॲमस्टरडॅमच्या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हे स्वतःच्या नोंदींसाठी सुरू केलं आणि पुढे ते ईमॅक्सच्या आतच आलं. म्हणजे तुमची वही आणि त्याची मूळ मांडणी यांत फरक नाहीच. पुढची सात लेकरं माझी.

त्यातली पाच मी काढून टाकली आहेत, तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीच. लेख मात्र सुधारला नाही, हा आळस. ‘फोन’ ही अवस्था नव्हतीच, ते काम कुठे बसून होईल याची खूण होती, तिची जागा टॅगमध्ये. ‘पुढचे’चं काम तारीख टाकल्यावर आपोआप होतं. ‘चालू’ तर निव्वळ शोभेची: एखाद्या कामावर घड्याळ लावलं असेल तर ते चालू आहे, नसेल तर नाही, मग वेगळं लिहायचं कशाला? ‘कधीतरी’ची वेगळी फाइल केली, ती मी उघडत नाही, कोणीच उघडत नसणार. आणि ‘सोपवले’ म्हणजे ‘वाट’च, फक्त जरा ऐटीत.

उरल्या चार. करायचे, अडले (आधीची ‘वाट’), झाले, रद्द. यातली ‘अडले’ मी सोडणार नाही, आणि तुमच्याशी माझं खरं भांडण एवढ्यावरच आहे.

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, आणि सध्या सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आहे. पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचं होतं. ते उरकलं नाही. पहिल्याच मोठ्या सरीला वरच्या मजल्यावर दोन घरांत बादल्या लागल्या. मीटिंगमध्ये सगळ्यांनी ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडली, मीही मोडली. घरी येऊन फाइल उघडली. त्या कामावर मे महिन्यात ‘अडले’ तीनदा लागलेलं, आणि दर वेळी काय अडलं ते मीच लिहिलेलं. ३ मे, माल आलेला नाही. ११ मे, माणसं गावाला गेली. १९ मे, आगाऊ रकमेच्या चेकवर दुसरी सही बाकी. पहिल्या दोन वेळी काम ठेकेदाराकडे अडलेलं होतं, तिसऱ्या वेळी आमच्याकडे. सही व्हायला नऊ दिवस लागले, आणि तोवर त्याने माणसं दुसऱ्या साइटवर लावली.

वहीत हे काम ‘बाकी’मध्ये बसलं असतं आणि महिनाभर तसंच बसून राहिलं असतं. ‘बाकी’ हा शब्द पुढची हालचाल कोणी करायची ते सांगत नाही. मी हलायचं की समोरच्याने, एवढं ज्या शब्दाने बदलतं तो शब्द ठेवायचा. ज्याने नुसता रंग बदलतो तो टाकायचा. माझे पाच रंग याच चाळणीत गेले.

‘रद्द’बद्दलही तुम्ही म्हणालात की नको असलेलं काम खोडून टाकावं. मला नाही पटत. आमच्याकडे दर एजीएमला कोणीतरी उठून विचारतं, गच्चीवर सोलर का नाही लावत? मागच्या वेळी का नाही लावलं, हे शोधायला मिनिट्सच्या जाड फायली उपसाव्या लागत. आता ‘रद्द’ करताना कारण लिहावंच लागतं आणि ते त्या कामाखाली राहतं. मात्र याचा एक तोटा लेखात लिहायचा राहिला होता. ऑर्ग-मोडच्या लेखी अवस्थांच्या ओळीत (ती खाली दिली आहे) उभ्या रेघेच्या पुढच्या सगळ्या अवस्था सारख्याच, संपलेल्या. त्यामुळे दर महिन्याला पुन्हा येणारं काम ‘रद्द’ केलं तरी ते मरत नाही, तारीख महिनाभर पुढे सरकवून परत ‘करायचे’ होऊन बसतं. ‘टँकरवाल्याला फोन’ हे काम मी दोनदा रद्द केलं आणि दोनदा ते वेताळासारखं परत झाडाला लटकलेलं सापडलं. तारखेतला ‘अधिक एक महिना’ हा तुकडा आधी हाताने पुसायचा, मग रद्द.

सध्याची ओळ अशी आहे:

#+टूडू: करायचे(के) अडले(ए@/!) | झाले(जे!) रद्द(आर@)

फाइलमध्ये टूडू हा शब्द आणि कंसातली अक्षरं इंग्रजीच टाका, इथे वाचण्यासाठी देवनागरीत दिली आहेत. ॲट म्हणजे त्या अवस्थेत शिरताना वेळ आणि टीप दोन्ही, उद्गारचिन्ह म्हणजे नुसती वेळ. तिरप्या रेघेपुढचं चिन्ह बाहेर पडतानाचं, पण पुढच्या अवस्थेची स्वतःची नोंद नसेल तरच ते चालतं. म्हणजे ‘अडले’मधून परत ‘करायचे’वर आलात की वेळ उमटेल. ओळ बदलल्यावर कर्सर तिच्यावरच ठेवून कंट्रोल-सी कंट्रोल-सी दाबायचं. हे राहिलं की जुन्याच अवस्था दिसत राहतात आणि माणूस मला शिव्या देतो. तुम्ही दिल्या असतील असं नाही.

आता शिफ्ट-बाण. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. शिफ्ट आणि उजवा बाण अवस्था एकेक करून पुढे नेतो, त्यामुळे ‘करायचे’वरून ‘झाले’वर जाताना वाटेत ‘अडले’ लागतं आणि तिथे टीप मागितली जाते. तुम्ही कुठे अडलाच नव्हतात, नुसते तिथून चालला होतात! यासाठी एक सेटिंग आहे, नाव लांबलचक: ऑर्ग-ट्रीट-एस-कर्सर-टूडू-सिलेक्शन-ॲज-स्टेट-चेंज, सगळं हायफनने जोडून. त्याची किंमत ‘निल’ (म्हणजे बंद) केली की बाणांनी फिरताना नोंद होत नाही. माझ्याकडे ते कित्येक वर्षांपासून तसंच आहे, म्हणून मला हा त्रास कधी झालाच नाही आणि लिहायचंही सुचलं नाही. मी स्वतः बाण वापरत नाही म्हणा. कंट्रोल-सी कंट्रोल-टी दाबलं की चारही अवस्था खाली दिसतात, कंसातलं अक्षर दाबायचं, थेट तिथे. बाण मी चूक दुरुस्त करण्यापुरते ठेवले आहेत: भलतीच अवस्था लागली तर नोंद न होता मागे येता येतं.

कंट्रोल-टीच्या बाबतीत मला बचाव नाही. ईमॅक्समध्ये ती की शेजारशेजारच्या दोन अक्षरांची अदलाबदल करते, आणि मी ती कधी वापरत नसल्यामुळे बेधडक स्वतःच्या कामाला जुंपली. ईमॅक्समध्ये वापरणाऱ्यांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे: कंट्रोल-सी आणि त्यापुढे एक साधं अक्षर, शिवाय एफ-५ ते एफ-९. तिथे काहीही लावा, कोणाचं मोडत नाही. मी आता एफ-६ घेतलं आहे. काही लॅपटॉपवर त्या कीने आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो, तिथे एफएन धरून दाबावं लागेल.

राहिली मराठी नावं. हौस आहे, नाकारत नाही. पण तुम्ही टोकलंत त्याहून मोठी अडचण मला आली होती आणि ती मी लेखात लपवली. ऑर्ग-मोड शीर्षकाचा पहिला शब्द बघतं. तो यादीतल्या एखाद्या अवस्थेशी जुळला आणि पुढे मोकळी जागा असली की ती अवस्था समजतं. माझी ‘वाट’ ही अवस्था होती तेव्हा मी एक साधं शीर्षक लिहिलं, ‘वाट लागलेल्या पंपाची तक्रार’. झालं! काम वाट बघण्यात जमा, आणि त्याचं नाव उरलं ‘लागलेल्या पंपाची तक्रार’. तेव्हापासून ‘अडले’. अडला हरी वेगळा, त्यामुळे त्याच्यावरही काही शीर्षक लिहायची वेळ आली तरी धोका नाही.

शुद्धलेखनाचंही तसंच. ओळीत ‘झाले’ आणि हाताने ‘झालं’ लिहिलंत तर तो नुसता शीर्षकातला शब्द राहतो, काम उघडंच. म्हणून अवस्था हाताने लिहू नये, कीनेच लावावी.

आणि कंसात इंग्रजी अक्षरं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. लिनक्सवर कीबोर्डच इन्स्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या मांडणीवर, टाकला तर माझ्याकडे कंट्रोल-सी दाबल्यावर ईमॅक्सला कंट्रोल-म पोचतं, कारण त्या कीवर म आहे, आणि ते कपाळाला आठ्या घालतं. उपाय म्हणजे कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा आणि मराठी लिहायला ईमॅक्सची स्वतःची सोय वापरायची, जी कंट्रोल आणि उलट्या तिरप्या रेघेने चालू-बंद होते. मग मजकूर मराठीत उमटतो, कंट्रोलचे शॉर्टकट शाबूत राहतात, आणि अवस्था निवडताना ईमॅक्स ती सोय बाजूला ठेवून इंग्रजी अक्षरच वाचतं. ‘करायचे’ला के द्यायचं आणखी एक कारण: इन्स्क्रिप्टवरही त्याच कीवर क आहे. बोटाला दोन्हीकडे एकच जागा.

कामांच्या एकत्रित यादीत मराठी अवस्था एका रेषेत येत नाहीत, रांग वाकडीतिकडी दिसते. याचा मला त्रास होतो पण इतका नाही.

वहीवर परत गेलात, उत्तम. मी सांगते तसं दोन आठवडे करून बघणारे वाचक मला कमीच भेटतात, त्यामुळे वहीवाल्यांशी भांडायची माझी हिंमत नाही. फक्त एक करून बघा: ‘बाकी’ कामापुढे कंसात माणसाचं नाव लिहा, आणि नाव स्वतःचंच निघालं तर तेही.

लेखातून कंट्रोल-टीचा परिच्छेद काढला आहे, नऊ अवस्थांची ओळ खोडून खाली नवी दिली आहे, आणि बाणांचं सेटिंग जोडलं आहे. पुन्हा कधी ईमॅक्स उघडलंत तर एफ-६ तुमच्या कीबोर्डवर सरळ चालतं का, तेवढं कळवा.