गादी अंगावर घालता येत नाही: बोटवाल्यांच्या ग्रुपवरच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

‘बोटवाल्यांनो, कारागिराला पैसे देणं बंद करा’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. खाली कुणाचं नाव नाही, हाताने काढलेली चार चित्रं आहेत, आणि प्रत्येक ओळीनंतर तीन उद्गारचिन्हं. माझा धाकटा दीर मालवणजवळच्या देवबागला पर्यटकांची फायबर बोट चालवतो. त्याने तो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला: “वयनी, ह्या वाच. आता नवी जाकिटां घेऊक नको. तू शिवान दी.”

मी शिवणकामावर पोट भरते. ब्लाउजपासून रेग्झीनच्या खोळीपर्यंत सगळं माझ्या मशीनखालून जातं. त्यामुळे ‘घरी शिवा’ म्हणणाऱ्याशी माझं भांडण असायचं कारण नाही. पण हा मेसेज ज्याने लिहिलाय त्याने एकतर मशीन चालवलेली नाही, किंवा बोट. बहुतेक दोन्ही.

त्यात सात मुद्दे आहेत. घरची शिलाई मशीन बोटीच्या सगळ्या कामाला पुरते. नायलॉनचा दोरा सगळ्यात मजबूत. जुने फ्लेक्स बॅनर म्हणजे फुकटचं छप्पर. घरातल्या जुन्या गादीचा फोम प्लास्टिकच्या पिशवीत घालून बैठकीला वापरा. गादीत थर्मोकोल किंवा ईपीई फोम (सामानाच्या पॅकिंगला येतो तो) भरा, मग तीच लाइफ जॅकेट होते, ‘अमेरिकेत सरकारमान्य’. कापडाची कड मेणबत्तीवर वितळवा. आणि कारागीर 80 टक्के नफा खातात.

पाचव्यापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांपैकी बहुतेकांमध्ये फार तर पैसे बुडतील.

अमेरिकेचं नाव घेतलंय, तर तिथलंच बघू. तरंगणाऱ्या गाद्या तिथे खरोखर असतात, हे मान्य. चौकोनी गादी, दोन बाजूंना पट्ट्यांचे हात, कोस्ट गार्डची मान्यता. मेसेजवाल्याने कुठेतरी तिचा फोटो पाहिला असणार. पण तिथल्या नियमात ती ‘फेकायची वस्तू’ म्हणून मोडते. कुणी पाण्यात पडला तर त्याच्याकडे फेकायची, आणि त्याने ती छातीशी कवटाळून धरायची. 1995 पासून तिथे मौजेच्या बोटीवर माणशी एक, अंगात घालायची जॅकेट लागतेच, आणि फेकायची वस्तू तिच्या जागी धरत नाहीत. 16 फूट किंवा त्याहून लांब बोटीवर ती जॅकेटांच्या जोडीला आणखी एक म्हणून ठेवावी लागते. आणि त्या गादीवर चक्क छापलेलं असतं की ही पाठीवर बांधू नका. आमच्या मेसेजमधल्या चित्रात माणसाने गादी कुठे बांधलीय? पाठीवर. ओढणीने.

पाठीवर का नको, हे एकदा नीट समजून घ्या. जो भाग तरंगतो तो वर येतो. फोम पाठीला असेल तर पाठ वर येणार आणि तोंड पाण्यात जाणार. शुद्धीवर असलेला, पोहता येणारा माणूस धडपडून उताणा होईल. गटांगळी खाऊन घाबरलेला, डोकं आपटलेला, नाहीतर सात वर्षांचा मुलगा होणार नाही. जॅकेटीत फोमचा मोठा भाग छातीवर आणि गळ्याशी असतो तो त्यासाठीच.

मेसेजमध्ये पुढे हिशोब मांडलाय की इतका थर्मोकोल इतक्या किलोच्या माणसाला तोलतो. हिशोब चुकीचा नाही आणि इथे त्याचा काही उपयोगही नाही. मोठ्या माणसाचं डोकं पाण्याबाहेर राहायला जास्तीची तरंगशक्ती बहुतेकदा 7 ते 12 पौंड, म्हणजे साधारण 3 ते साडेपाच किलोच लागते, असं तेच अमेरिकन कोस्ट गार्ड सांगतं. तेवढी ताकद रिकाम्या डब्यातही असते. ती अंगावर कुठे बसते, आणि हात सुटले तरी अंगावर राहते का, हे दोनच प्रश्न आहेत. गादीचे हात तुम्ही धरायचे असतात. लाटेत, भीतीने बोटं आखडल्यावर किती वेळ धराल?

थर्मोकोलचं तर विचारूच नका. पेट्रोल लागलं की थर्मोकोल विरघळतो. ज्या बोटीवर मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन आहे आणि टाकीची नळी बैठकीखालून जाते, तिथल्या गादीत तो भरायचा म्हणे! वरून खोळ जशीच्या तशी दिसेल, आत चिकट गोळा. ईपीई बरा. त्याच्या पेशी, म्हणजे आतली हवेची छिद्रं, बंद असतात, तो पाणी पीत नाही, बैठकीला खुशाल वापरा. पण ‘सरकारमान्य’ हा शब्द काढून टाका. मान्यता कारखान्यात बनून तपासलेल्या वस्तूला मिळते, तिच्यावर तसा शिक्का असतो. माझ्या हातच्या गादीवर शिक्का कोण मारणार, मी?

24 मे 2022 ला तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 जणांचा जीव गेला. त्यानंतर गेटवेवर बोटीत बसणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट घालणं सक्तीचं झालं. घालणं म्हणजे अंगात घालणं. बुडाखाली ठेवणं नव्हे. दिराला मी एवढंच सांगितलं की जॅकेटी मी शिवणार नाही, आणि तुझ्या बोटीवर जॅकेटी नसतील तर गाद्यांच्या खोळीही शिवणार नाही. तो दोन दिवस बोलला नाही. चालेल.

आता मशीन. इथे मेसेज अर्धा खरा आहे आणि ते मला नाइलाजाने म्हणावं लागतंय. जुनी काळी लोखंडी पायमशीन अॅक्रिलिक कॅनव्हासचे, म्हणजे छपराच्या जाड कापडाचे, दोन-तीन थर आरामात शिवते. अठरा नंबरची सुई लावा, टीप चार-पाच मिलिमीटरची लांब ठेवा. अडतं ते कोपऱ्यावर. दुमडलेली कड, त्यात पायपिंग, त्यावर चेनची पट्टी, खाली ठिगळ, असे सहा-आठ थर आले की सुई एकतर वाकते किंवा टीप सोडते. दुसरी अडचण सरकण्याची. घरच्या मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं कापड दाबाखाली मागे राहतं. साडीच्या फॉलला ते कळत नाही. तीन मीटरच्या छपराच्या कडेला शेवटी वरचं कापड बोटभर जास्त उरतं, मग ओढून-ताणून बसवायचं आणि छपराला कायमची सुरकुती. कारागिराच्या मशीनला चालता पाय असतो, तो वरचंही कापड पुढे नेतो. तुमच्याकडे ती नसेल तर दुहेरी चिकटपट्टी आणि कागदांना लावायचे चिमटे लावून शिवा. टाचण्या नकोत. रेग्झीनला पडलेलं भोक भरत नाही, तिथूनच पाणी आत जातं. टीपही बारीक घालू नका. रेग्झीनवर बारीक टीप म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची कड, ताण आला की तिथेच फाटणार.

नायलॉनचा दोरा हा सगळ्यात जास्त लोकांना फसवणारा मुद्दा आहे, कारण हाताने तोडून पाहिला तर तो खरंच तुटत नाही. दुकानात. मेच्या उन्हात ठेवा आणि मग बघा. उन्हाने नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा लवकर कुजतो, शिवाय ओला झाला की ताणतो. बोटीच्या कामाला जाड, बाँडेड (पीळ सुटू नये म्हणून लेप दिलेला) पॉलिएस्टर दोरा घ्यायचा, उन्हासाठी प्रक्रिया केलेला. त्याहून वरचा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा मिळतो, त्याला ऊन जवळजवळ काही करत नाही, पण त्याची किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. ब्लाउजचा सुती दोरा वापरायचा विचारही करू नका. चांगलं कापड असेल तर आधी टीप जाते आणि कापड शाबूत राहतं. सनब्रेला ब्रँडसारख्या अॅक्रिलिक कापडात रंग धागा काढण्याआधीच मिसळलेला असतो, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. त्यामुळे छप्पर उसवलं म्हणून लगेच नवं करू नका, जुन्या भोकांच्या शेजारून नवी टीप मारून घ्या. हे काम घरी होतं. खरे पैसे इथे वाचतात आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

फ्लेक्सबद्दल काय बोलणार. नाक्यावरच्या कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा बॅनर उतरवून आणायचा आणि पाहुण्यांच्या डोक्यावर उलटा ताणायचा! फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या विरळ जाळीवर पीव्हीसीचा पातळ थर. तो काही दिवस टांगून फेकण्यासाठीच बनवलेला असतो. उन्हात कडक होतो, मग घडीवर चिरतो, आणि रिंग ठोकलेल्या जागी आधी फाटतो. त्याआधी तो सैल पडून मध्ये खोलगट होतो, ते जास्त वाईट. तीन मीटर बाय दोन मीटरच्या छपरावर सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साठलं तर ते 300 किलो होतं. चार-पाच माणसं टपावर बसवल्यासारखं, आणि तेही इकडून तिकडे हलणारं. वळवाच्या सरीत, वाऱ्यात, लहान फायबर बोटीवर. बाजूंनाही फ्लेक्स बांधून ‘एसीसारखं बंद’ करा असं पुढे लिहिलंय. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हे शाळेत शिकवतात. बाजू बंद केलेली बोट वारा आडवा अंगावर घेते, आणि उलटलीच तर आतल्या माणसांना बाहेर यायला वाट राहत नाही. फ्लेक्सचा उपयोग एकच: पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवली की तिच्यावर झाकायला. तेव्हाही खालून वारा खेळेल असा बांधा, नाहीतर ऑगस्टअखेर आत बुरशीची शेती.

जुन्या गादीचा फोम पिशवीत घालायची युक्ती ज्याने काढली त्याने ती गादी महिन्याने उघडून हुंगावी. तो फोम स्पंजासारखा पाणी पितो. पिशवीला कुठेतरी टोचलं जातंच, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला जागा नसते. खाऱ्या पाण्यात बसणाऱ्या बैठकीला ईपीईसारखा बंद पेशींचा फोम, किंवा पाणी आरपार गळू देणारा मोठ्या छिद्रांचा फोम आणि खोळीला खाली जाळी. चेन प्लास्टिकच्या मोठ्या दातांची, कारण धातूचा रनर मिठाने जाम होतो. झालं.

कड वितळवणं बरोबर आहे. पॉलिएस्टर आणि अॅक्रिलिकची कड उष्णतेने बंद होते, धागे सुटत नाहीत. मेणबत्तीने काजळी धरते, तापवलेली सुरी किंवा सोल्डरिंग आयर्न घ्या. आणि पेट्रोल भरलेल्या बोटीत बसून करू नका, हे लिहावं लागतंय याचंच नवल.

राहिला 80 टक्के नफा. हा आकडा कुठून आला ते मेसेजवाल्यालाच माहीत. बिलात मोठा वाटा कापडाचा असतो, आणि त्यानंतर मापाचा. वाकवलेल्या पाइपवर कापड न सुरकुतता बसवायचं तर आधी बोटीवरच प्लास्टिकचा पातळ कागद ताणून, खुणा करून नमुना काढावा लागतो. मी शिवू शकते, पण मला ते बेतणं तितकं जमत नाही, म्हणून छपराचं काम मी घेत नाही. गाद्यांच्या खोळी, इंजिनाचं झाकण, सामानाच्या पिशव्या घेते, आणि ज्याला सरळ टीप मारता येते त्याने त्या घरीच कराव्यात.

एक मात्र कबूल. आमच्याकडे बोटीचं छप्पर शिवणारा बहुधा रिक्षाचं हूड शिवणाराच असतो. त्याचा हात सफाईदार, पण दोरा तोच रिक्षाचा, आणि बिल एका आकड्यात: ‘सगळं मिळून इतके’. यावर लोक चिडतात ते रास्त आहे. कापड, दोरा, चेन आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागा. दोऱ्याचं रीळ दाखवायला सांगा, त्यावर पॉलिएस्टर लिहिलंय का बघा. दाखवत नसेल तर दोरा स्वतः आणून द्या, कारागीर नाही म्हणत नाहीत. आणि 26 मेला पावसाळ्यासाठी पर्यटकांच्या बोटी बंद झाल्या की लगेच छप्पर उतरवून गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून त्याच्याकडे टाका. 31 ऑगस्टपर्यंत त्याला निवांत वेळ असतो. गणपतीच्या आदल्या आठवड्यात धावत गेलात तर तो वाट्टेल तो भाव सांगणार, आणि तेव्हा त्याचं चुकतंय असं मी तरी म्हणणार नाही.