देव वेगळा म्हणून दोस्ती खोटी?

गेले पंधरा दिवस एक मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर फिरतोय. आमच्या दहावीच्या ग्रुपवर तो तीनदा आला. पहिल्यांदा टाकणारा माझा जुना मित्रच. मजकूर थोडक्यात असा: वेगळ्या धर्माच्या माणसाशी किंवा देव न मानणाऱ्याशी ओळख असते, व्यवहार असतो, मैत्री नसते. कारण मूल्यं धर्मातून येतात. अशी मैत्री दिसलीच, तर समजा दोघंही त्या विषयावर गप्प आहेत, नाहीतर एकजण दुसऱ्याला आपल्याकडं ओढतोय. टिळक-आगरकरांचं टिकलं नाही, तिथं तुमचं काय टिकणार? आणि वेळेला आपल्या धर्माचा माणूसच धावून येतो.

मी देव मानत नाही. उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, तिघांच्या भागीदारीत. एकजण पाच वेळचा नमाजी, दुसरा लिंगायत, गळ्यात इष्टलिंग घालणारा. एकवीस वर्षं एका छपराखाली काढली. त्यामुळं हा मेसेज वाचून पुढं सरकवता आला नाही.

मूल्यांचं आधी बघू. गेल्या पावसाळ्यात हायड्रॉलिक सिलिंडरच्या चाळीस नगांची ऑर्डर होती. सहा नगांचा बोर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, किंचित मोठा गेला. गेज लावल्याशिवाय कळणार नाही इतकाच फरक, आणि गिऱ्हाईक गेज लावत नाही हे आम्हाला माहीत. नमाजी मित्रानं ते सहाही उचलले आणि भंगाराच्या पिंपात टाकले. कुणाला विचारलं नाही. संध्याकाळी चहाला विषय निघाला तेव्हा म्हणाला, ‘वर हिशेब द्यायचाय रे.’ माझ्या डोळ्यांपुढं वरचा हिशेब नव्हता. तो सिलिंडर कुठल्या तरी ट्रॉलीखाली बसणार, भरलेली ट्रॉली वर उचललेली असणार आणि खाली कुणीतरी वाकून काहीतरी बघत असणार, हे दिसत होतं. लिंगायत भागीदार एवढंच म्हणाला, ‘कायकवे कैलास.’ काम हाच कैलास. आमची तिघांची कारणं तीन ठिकाणाहून आली, पण पिंपात पडलेल्या नगांबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्यानं कारण आणि कृती यांची गल्लत केली आहे. एकाच देवाचं नाव घेणारे दोघं भागीदार खोटा माल खपवतात, हे याच वसाहतीत मी पाहिलं आहे.

आता गप्प बसण्याचा मुद्दा. आम्ही गप्प बसत नाही. खंडेनवमीला काय होतं ते सांगतो. आदल्या दिवशी लेथ डिझेलनं पुसून लख्ख करायचं काम नमाजी मित्राचं, दुसऱ्या कुणाच्या हातचं त्याला पटत नाही. पूजा तो करत नाही, आरतीच्या वेळी दारात उभा राहतो आणि ‘हे माझ्याच्यानं होणार नाही’ असं त्यानं पहिल्याच वर्षी तोंडावर सांगितलं होतं. नारळ मीही फोडत नाही. लिंगायत भागीदार एकटा हळदकुंकू लावतो, झेंडूच्या माळा बांधतो, चिरमुरे वाटतो. सुट्टीनंतर मशीन चालू करायच्या आधी नमाजी मित्र चकच्या, म्हणजे लेथवर जॉब पकडणाऱ्या भागाच्या, जबड्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या चिमट्यानं एकेक काढतो, कारण एक पाकळी राहिली तरी जॉब हलतो. काढलेल्या पाकळ्या तो कचऱ्यात टाकत नाही, कागदात गुंडाळून पूजा करणाऱ्याच्या हातात देतो. त्याला त्या पवित्र नाहीत. मित्राला आहेत, हे त्याला पक्कं माहीत आहे. ही माहिती गप्प बसून मिळत नाही, वर्षानुवर्षं वाद घालून, विचारून मिळते. मुलींचा वाटा, मांसाहार, मुलांची लग्नं यांवर आमचे आवाज चढलेले शेजारच्या फौंड्रीत ऐकू गेले आहेत. काही गोष्टी अजून मिटलेल्या नाहीत.

खरं म्हणजे सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको होतं. 1956 मध्ये बेळगाव कानडी राज्यात गेलं, त्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत आम्ही मराठी माणसं दर 1 नोव्हेंबरला चालतो आणि त्याच दिवशी आमचा लिंगायत भागीदार लाल-पिवळा झेंडा घेऊन राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतो. बेळगाव कुणाचं, हा माझ्यासाठी देवापेक्षा मोठा प्रश्न आहे आणि त्यावर आमचं आयुष्यात एकमत होणार नाही. 2 तारखेला सकाळी शटर दोघं मिळून वर करतो.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद एकाच तटाच्या आत आहेत, हा दाखला असल्या वादात हटकून दिला जातो. मी तो देणार नाही. इमारती शेजारी उभ्या राहिल्या म्हणून त्यांत जाणारी माणसं मित्र होत नाहीत.

टिळक-आगरकरांकडं मात्र नीट बघायला हवं, कारण तो दाखला अर्धवट दिलेला आहे. डेक्कन कॉलेजात दोघं भेटले, वाद घालतच मित्र झाले. आगरकर मिल-स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचलेले बुद्धिवादी, टिळक श्रद्धावान. तरी दोघांनी एकत्र शाळा चालवली, 1881 मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा संपादकाच्या खुर्चीत आगरकर होते, आणि कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 मध्ये डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी 101 दिवस काढले. देवाबद्दलचा फरक या सगळ्या वर्षांत होताच. बिनसलं ते सामाजिक सुधारणा आधी की स्वराज्य, सरकारनं कायदा करून सुधारणा लादावी का, संस्था कशी चालवावी, यांवरून. 1887 ला आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला. लेखण्या एकमेकांवर तुटून पडल्या, हे खरं. पण 1895 मध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. एवढ्या भांडणानंतरही ज्याच्यावर लिहावंसं वाटतं, तो नुसत्या ओळखीचा माणूस नव्हे.

ओढण्याच्या मुद्द्याला गांधी आणि गोरा पुरेसे आहेत. गोरा म्हणजे आंध्रातले गोपराजू रामचंद्र राव, कट्टर नास्तिक. गांधी रोज प्रार्थना करणारे. दोघांच्या खूप चर्चा झाल्या, कुणीही बाजू बदलली नाही. गोरांच्या मुलीचं दलित तरुणाशी लग्न ठरलं, तेव्हा ते सेवाग्रामात करायला आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्याचं नाव घ्यायला गांधी तयार झाले. 1948 मध्ये गांधींच्या हत्येनंतर ते लग्न तसंच लागलं.

वेळेला धावून येण्याचं राहिलं. माझी आई गेली ती पहाटे अडीचला, हॉस्पिटलात. भाऊबंद आले, सगळे आले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दवाखान्याच्या पायरीवर माझ्या आधी पोचलेला माणूस तो लेथवाला नमाजी मित्र होता. आई वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. मी म्हणालो, विधी काही नको, मला पटत नाही. पाहुण्यांपैकी कुणी बोललं असतं तर मी भांडलो असतो. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘पटत नाही तर तुझ्या मयताला करू नको बे. हे तुझं नव्हे, आईचं आहे.’ माळ तशीच राहिली, अभंग म्हटले गेले. सदाशिवनगरच्या स्मशानात तो चपला काढून शेवटपर्यंत उभा होता. हात जोडले नाहीत, ओठ हलले नाहीत. माझ्या आईची श्रद्धा माझ्यापेक्षा त्याला जास्त कळली, कारण त्यालाही एक श्रद्धा आहे. देव न मानणारा मित्र मला ते सांगू शकला नसता.

आता ज्यानं मेसेज टाकला त्याच्याबद्दल. तो आणि मी शाळेपासून एकत्र. वीस-बावीस वर्षांपूर्वी त्याच्या घरच्यांबरोबर सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो होतो. त्याच्या आईनं नवस फेडला, कपाळभर भंडारा लावला आणि मला जेवायला वाढलं. पानावर बसूनच मी त्या नवसाची आणि ‘उदो उदो’ची टिंगल केली, तिच्या देखत. तिनं पोळी तशीच वाढली. तो त्यानंतर माझ्या घरी आला नाही. त्याच्या दृष्टीनं मेसेजला पुरावा असेल तर तो मीच आहे. पण माझा अविश्वास त्याला दहावीपासून ठाऊक होता, तेव्हा आड आला नव्हता. आड आला तो माझा उर्मटपणा, आणि त्याची माफी मी कधी मागितली नाही. ती इथं मागतो.

मावशी आता थकल्या आहेत, डोंगरावर जाणं होत नाही असं ऐकलं. माघातल्या पौर्णिमेला गाडी मी काढतो. देवळात मी येणार नाही. पायऱ्यांपर्यंत त्यांचा हात धरून येईन.