सॉफ्टवेअर टिकू नये म्हणून घ्यायची काळजी

सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या पेवांची जुनी पद्धत. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वर तोंड बंद. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. व्यापारी बदलो, भाव बदलो, माल तसाच. तुम्ही मात्र मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना सॉफ्टवेअर विकता. तुमचा माल असा टिकायला लागला तर पोरांच्या शाळेची फी कोण भरणार?

तेव्हा हिशेबाचे नियम कधीही एका जागी सापडू देऊ नका. अडत किती टक्के, पोत्यामागे हमाली किती, तोलाई कुणाच्या खात्यावर, हे सगळं 'सेव्ह'च्या बटणात कोंबा. उरलंसुरलं छपाईच्या कोडमध्ये आणि डेटाबेसच्या ट्रिगरमध्ये (नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) वाटून टाका. स्क्रीन बदलली की पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या चिठ्ठीचा) हिशेबही तिच्याबरोबर सती गेला पाहिजे. काही अतिशहाणे हिशेबाचा भाग अलग ठेवतात आणि स्क्रीन कुठली, डेटाबेस कुठला, याचा त्याला पत्ताही लागू देत नाहीत. असल्यांची ऑफिसं संध्याकाळी सहाला बंद होतात.

प्लॅटफॉर्म निवडला की त्याच्या कंपनीवर आईवर ठेवावा तसा विश्वास ठेवा. असले हिशेबाचे प्रोग्रॅम ज्यात लिहायचे, त्या व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती येणार नाही, हे मायक्रोसॉफ्टनं 2007 मध्येच सांगून टाकलं आणि सपोर्ट 2015 पर्यंत रेटला. एवढ्या वर्षांत जागचं हलायचं नसतं. वेबपानांवर चित्रं हलवणारा फ्लॅश 2020 अखेर बंद होणार हे ॲडोबीनं 2017 मध्ये जाहीर केलं होतं. तिथंही घाई नको. आणि कोबोलचं नाव काढू नका. 1959 ची भाषा, अजून बँकांत राबते. लाज वाटली पाहिजे.

एक बारीक गंमत मात्र जपून वापरा. पट्टीची रक्कम 1242 रुपये 50 पैसे आली, तर फॉक्सप्रोचं राउंड फंक्शन 1243 करतं. व्हिज्युअल बेसिक 6 या दुसऱ्या भाषेचं राउंड फंक्शन जवळच्या सम आकड्याकडे वळतं, म्हणजे 1242. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आपल्या दुकानात पन्नास पैसे कुणाकडे झुकवायचे हे कागदावर कधीच लिहू नका. भाषेलाच ठरवू द्या. भाषा बदलली की रुपया जाईल शेतकऱ्याचा आणि भांडण लागेल दिवाणजींच्या गळ्यात. तुम्ही तोवर दुसऱ्या गाळ्यात डेमो देत असाल. (जुन्या शेदोनशे पट्ट्या नव्या प्रोग्रॅममधून काढून रुपया न् रुपया ताडून पाहिला तर हे पहिल्याच दिवशी उघडं पडतं. म्हणून त्या पट्ट्या रद्दीत घाला.)

नावं अर्थातच जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवा, ज्यात आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचा मुखवटा असतो. सगळ्या लिप्यांसाठी सामाईक असलेल्या युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण आपल्याला कसली घाई? नव्या मशिनवर तासगावच्या शेतकऱ्याचं नाव कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांत उमटलं की मालक स्वतःहून फोन करतात. डेटा साध्या मजकुराच्या फाइलीत काढायची सोय दिलीत तर तो फोन दुसऱ्याला जाईल.

कुलपासाठी डोंगल द्या, म्हणजे जे खोचल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नाही ते किल्लीवजा यंत्र, तेही प्रिंटरच्या जुन्या पोर्टला बसणारं. नव्या कॉम्प्युटरला तसलं पोर्टच नसतं, आणि 64 बिटच्या विंडोजवर 16 बिटचा डॉसचा प्रोग्रॅम सुरूच होत नाही. मग गाळ्याच्या कोपऱ्यात तो एकच डबा जिवाच्या करारानं जपला जातो. वयानं पिवळा पडलाय की हळदीनं, हे पुसून बघितल्याशिवाय कळत नाही. पुसायला लावू नका, बंद पडेल.

एवढं जमलं की दर काही वर्षांनी नवी भाषा आणि नवं कोटेशन घेऊन जायचं. मालक विचारतील, "पट्टी तीच, हमाली तीच, तोलाई तीच. मग पैसे कशाचे?" अशा वेळी आवाज खाली आणून म्हणायचं, "आण्णा, टेक्नॉलॉजी बदलली." त्यांनी पोऱ्याला हाक मारून दोन चहा सांगितले तर बिनधास्त ॲडव्हान्स मागा. एकच सांगितला तर ते दिवाणजींना जुनी वही काढायला सांगणार आहेत. मग मुकाट्यानं शेजारचा गाळा गाठायचा.